मोठा जिताडा म्हणजे मादी

पेण-अलिबागकडच्या खारेपाटात जिताडा तळ्यात पाळतात. त्यामुळे हा गोड्या पाण्यातला मासा, असे अनेकांना वाटते. गोड्या पाण्यात तो वाढतो, एवढेच खरे. त्याचे जेमतेम पाऊण मिलिमीटरचे अंडे खाऱ्या पाण्यात तरंगते आणि साधारण १७-१८ तासांत फुटते. गोड्या पाण्यात ते तळाशी जाते, त्यातून पिल्लू निघत नाही. म्हणून वयात आलेला जिताडा पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाकडे उतरतो आणि पिल्ले भरतीबरोबर आत खाजणात, ओहोळांत शिरतात. तळ्यात वर्षानुवर्षे ठेवला तरी तिथे त्याची वीण होत नाही.

तळ्यातला आणि खाडीतला जिताडा या दोन जाती आहेत, हेही चूक. चवीत फरक पडतो तो खाद्याने आणि पाण्याने. गोव्यातला चणक हाच.

खरा घोटाळा नर-मादीचा आहे. जवळजवळ प्रत्येक जिताडा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून प्रजनन करतो. आणखी काही वर्षांनी, अंगाने भरल्यावर, त्याचे वृषण विरते आणि त्या जागी अंडाशय तयार होते. बाजारात दोन-तीन किलोंचा दिसतो तो बहुधा नर, पाच-सहा किलोंच्या पुढचा बहुधा मादी. एक मोठी मादी लाखो अंडी सोडते. त्यामुळे ‘मोठे काढले तरी लहान मागे उरतातच, मग नुकसान कसले?’ हा युक्तिवाद टिकत नाही. मागे उरतात ते नर, आणि त्यांची मादी व्हायला पुढची काही वर्षे जावी लागतात. पावसाळी मासेमारीबंदी मुख्यतः यांत्रिक होड्यांना असते. खाडीतले जाळे चालूच राहते आणि नेमक्या विणीच्या दिवसांत गाभोळीची मादी त्यात सापडते.

खाडीतल्या पिल्लांवाचून जिताडा पाळताच येत नाही, हा समजही आता जुना झाला. चेन्नईच्या केंद्रीय निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालन संशोधन संस्थेने १९९७ साली त्याचे बीज हॅचरीत तयार केले. त्यात कष्ट आहेत. पिल्ले आपल्याहून लहान भावंडांना गिळतात, म्हणून ती आकारानुसार सतत वेगळी करावी लागतात.

पावसाळ्यात मोठ्या, गाभोळीच्या जिताड्याचा आग्रह सोडा. तेवढे दिवस हॅचरीच्या बीजापासून वाढवलेला, तळ्यातला जिताडा मागून घ्या.