पाणी निळे आहे, पण निर्धोक आहे का?

गेल्या मे महिन्यातली रविवारची सकाळ. आमच्या रुग्णालयात दोघांनी एका तरुणाला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणले. वय बावीस-तेवीस. डोळे लालभडक, धाप लागलेली, खोकल्याची उबळ थांबत नव्हती. ऑक्सिजन आणि नेब्युलायझर दिल्यावर तासाभराने तो बोलू लागला. एका फार्महाऊसवर तो राखणदार होता. “पाहुणे दहाला येणार होते, साहेब. पाणी हिरवं पडलं होतं. मालक फोनवर म्हणाले, पावडर टाक. नुसत्या पावडरीनं जमेना, म्हणून त्याच बादलीत अ‍ॅसिड ओतलं.”

टीसीएल पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. हा मुलगा उघड्यावर होता म्हणून निभावले. पंपाच्या कोंदट खोलीत असता, तर गोष्ट वेगळी झाली असती.

नेरे, मालडुंगे, गाढेश्वरच्या बाजूला फार्महाऊस आले की स्विमिंग पूल आलाच. नवीन पनवेल, खारघरच्या सोसायट्यांतही तो असतो. बांधायला बहुधा जवळचाच ठेकेदार मिळतो. तो भिंत सरळ उभी करतो, टाइल सुबक बसवतो. पण इथले पाणी रोज बदलत नाही. शनिवारी उतरलेल्या वीस माणसांचा घाम, लाळ आणि लहान मुलांची लघवी रविवारच्या पाहुण्यांनाही भेटते. मग सोमवारी आमच्या ओपीडीत लाल डोळे, ठणकणारे कान, अंगावर पुरळ आणि जुलाब येतात.

म्हणून ठेकेदाराला दर विचारण्याआधी काही प्रश्न विचारा. त्याने बांधलेला, निदान दोन पावसाळे काढलेला स्विमिंग पूल दाखवायला सांगा. गळती, सुटलेल्या टाइल आणि पाण्याचा रंग तिथेच कळेल. सगळे पाणी फिल्टरमधून एकदा फिरायला किती तास लागतील, ते विचारा. सहा तासांच्या आत हे व्हायला हवे. पाणी ओढणारी तळाची तोंडे एकापेक्षा जास्त, एकमेकांपासून दूर आणि पक्क्या जाळीची हवीत. एकच तोंड असेल तर केस किंवा अंग तिथे खेचले जाऊन माणूस पाण्याखाली अडकू शकतो. पंप आणि दिव्यांचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर नको. चारही बाजूंनी निदान चार फुटांचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक हवे. बुडणारे मूल हाका मारत नाही, दोन-तीन मिनिटांत सगळे संपते. हे सारे कागदावर लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता फिल्टर चालवून पाहिल्यावरच द्या.

आता पाण्याकडे वळू. त्या तरुणाची पावडर लागू का पडली नाही? टीसीएल पावडर अल्कधर्मी असते. ती टाकत राहिले की पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चढत जातो. पीएच ७.२ असताना पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश जंतू मारण्याच्या कामी येतो. ८ झाला की जेमतेम पाव. म्हणजे पावडर वाढते, पण तिचा जोर घटतो. अशा वेळी मूठमूठ पावडर आणखी टाकण्यापेक्षा पाणी तपासायला हवे. पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम असावा. टेस्ट किट किंवा पट्टीवर दोन्ही मिनिटभरात कळतात. गावात जलसुरक्षक ओटी टेस्ट करून पिण्याचे पाणी तपासतो, तितकेच हे सोपे आहे.

मात्रेचा हिशेबही अवघड नाही. २० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ फूट खोल स्विमिंग पूलमध्ये सुमारे २२ हजार लिटर पाणी मावते. क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला ताजी, ३० टक्के क्लोरीनची टीसीएल सुमारे ७५ ग्रॅम लागते. पावडर कोरड्या प्लास्टिकच्या बादलीतल्या पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी ओतावी. उन्हात क्लोरीन उडतो, म्हणून हे काम संध्याकाळी, लोक बाहेर आल्यावर करावे. पीएच उतरवायला अ‍ॅसिड लागलेच, तर ते वेगळ्या बादलीत आणि वेगळ्या वेळी. नेहमी पाण्यात अ‍ॅसिड घालावे, अ‍ॅसिडवर पाणी कधीच नाही. दोन्हींची साठवणही वेगवेगळ्या जागी असावी.

क्लोरीन पोचला की कावीळ-अ चा विषाणू पाऊण तासाच्या आत मरतो. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी १ पीपीएममध्ये दहा दिवस तग धरतो. म्हणून जुलाब होत असलेल्याने पाण्यात उतरू नये आणि उतरण्याआधी प्रत्येकाने अंघोळ करावी. ‘क्लोरीनचा उग्र वास’ येतो तो स्वच्छतेचा पुरावा नाही. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाल्याची ती खूण आहे. पाहुण्यांसाठी सोपी परीक्षा म्हणजे तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली नाही, तर उतरू नये.

पावसाळ्यात बुकिंग नसते, पंप बंद असतो. आपल्याकडच्या पावसात स्विमिंग पूल भरून राहतो, क्लोरीन पातळ होतो आणि त्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. तेव्हा पावसाळ्यातही पंप आणि क्लोरीन चालू ठेवा, नाहीतर तो रिकामा करून आठवड्याचा कोरडा दिवस पाळा.

वायू नाकात गेलाच, तर आधी मोकळ्या हवेत या, वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून उभे राहा. कपडे काढा, डोळे १५ मिनिटे पाण्याने धुवा आणि १०८ ला फोन करा. बरे वाटले तरी दवाखान्यात या, कारण दम काही तासांनीही वाढू शकतो.

तो तरुण आठवड्याने तपासणीला आला. छाती मोकळी होती. जाता जाता दारातून वळून म्हणाला, “साहेब, मग टाकायचं किती?” लाखो रुपयांचे ते काम, पण हा प्रश्न त्याला विचारावासा वाटेल असा माणूस तिथे कुणी नव्हता. मी केस पेपरच्या मागे मात्रा लिहून दिली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले, “पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र कधीच नाही.” तुमच्या पंपाच्या खोलीत असा कागद लावला आहे का, ते आज जाऊन पाहा. आणि तो वाचणाऱ्याला हातमोजे, चष्मा आणि टेस्ट किट द्या.