शेतकऱ्याच्या उद्योगाचे दप्तर: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

शेतीवर आधारलेला एखादा लहान उद्योग, मग तो बेदाण्याचा असो, हळदपुडीचा असो, डाळमिलीचा असो वा गावकऱ्यांनी मिळून स्थापन केलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा असो, बंद पडला म्हणजे त्याची कारणे आपण पावसात आणि बाजारभावात शोधतो. आणि ती पुष्कळदा खरीही असतात. परंतु मालाची प्रत उत्तम असताना केवळ जमाखर्च लिहिलेला नाही, प्रकल्प अहवाल करता आला नाही किंवा विवरणपत्राची मुदत टळली, एवढ्याच कारणाने ज्यांची वाट खुंटली असे उद्योगही थोडे नाहीत. या दप्तरी कामासाठी स्वस्त आणि काही ठिकाणी विनामूल्य साहाय्य उपलब्ध असूनही त्याविषयी जे समज रूढ झाले आहेत, ते दूर होणे मला अत्यंत निकडीचे वाटते.

पहिला समज असा, की नोंदणी, परवाने आणि सल्ला ही धनिकांना परवडणारी चैन आहे. वस्तुतः उद्यम नोंदणीला शासन एक पैसाही शुल्क घेत नाही. शासकीय संकेतस्थळासारखी नावे धारण करून पैसे उकळणारी खाजगी संकेतस्थळे मात्र आहेत, त्यांपासून सावध राहावे. लहान खाद्यउद्योगाच्या अन्नसुरक्षा नोंदणीचे शुल्क वर्षाला अवघे 100 रुपये आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत तर प्रकल्प अहवाल तयार करणे, बँकेकडे अर्जाचा पाठपुरावा करणे आणि आवश्यक नोंदण्या मिळवून देणे यांसाठी जिल्हा संसाधन व्यक्तीची तरतूद आहे, आणि तिचा मेहनताना कर्जमंजुरीच्या हिशेबाने योजनेतूनच दिला जातो. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी केली असता जे साहाय्य विनामूल्य मिळू शकते, त्याच्यासाठी मध्यस्थाच्या हाती हजारो रुपये ठेवावे लागावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याच योजनेचे 35 टक्के अनुदान, ज्याची कमाल मर्यादा 10 लाख रुपये आहे, आरंभीच हाती पडते असेही अनेकांना वाटते. ते कर्जाशी निगडित असून बँकेतच राखून ठेवले जाते, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता वितरित झाल्यापासून तीन वर्षांनी, खाते नियमित आणि उद्योग चालू असेल तरच, कर्जखात्यात वळते होते.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज उत्पादक कंपनीविषयीचा आहे. डॉ. योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींवरून 2002 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आलेली ही संस्था सहकारातील ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व जपते आणि दहा उत्पादकांनाही ती स्थापन करता येते. त्यामुळे उत्साहाच्या भरात कंपनी नोंदवली जाते, प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले जाते, आणि अनुदान येईपर्यंत व्यवहारच नाही तर हिशेब कशाचा द्यायचा, अशा विचाराने सर्वजण आपापल्या शेतीकडे वळतात. कायदा मात्र स्वस्थ बसत नाही. नोंदणीपासून 90 दिवसांच्या आत पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. उलाढाल शून्य असली तरी सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घेणे आणि ताळेबंद व वार्षिक विवरणपत्र मुदतीत दाखल करणे बंधनकारक असते. मुदत टळल्यास प्रत्येक प्रपत्रामागे दररोज 100 रुपये अतिरिक्त शुल्क चढत जाते, आणि सलग तीन वर्षे ही विवरणे दाखल झाली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. ज्या भाबड्या शेतकऱ्याने गावाच्या भल्यासाठी संचालक म्हणून सही दिली, त्याच्यावर हा प्रसंग यावा हे मला फार क्लेशदायक वाटते. 10,000 शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेने प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत कमाल 18 लाख रुपयांचे जे साहाय्य देऊ केले, त्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याबरोबर लेखापालाच्याही पगाराचा अंतर्भाव केला, तो याच जाणिवेने.

शेती करमुक्त आहे, तेव्हा हिशेबाची गरज नाही, हाही समज अर्धसत्यावर उभा आहे. स्वतःच्या जमिनीत पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीपुरती वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. पण तोच माल सभासदांकडून विकत घेऊन पुढे विकणारी कंपनी व्यापारी ठरते, आणि शेतकऱ्याची सवलत तिला आपोआप लागू होत नाही.

स्वतंत्र लेखनिक परवडत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. परंतु तिचे उत्तर महाराष्ट्राच्या खेड्यांना अपरिचित नाही. गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचे दप्तर एकच गटसचिव अनेक गावांसाठी सांभाळत आला आहे. त्याच धर्तीवर शेजारच्या चारपाच कंपन्यांनी वा बचत गटांनी मिळून एक जाणता लेखनिक नेमला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च सोसण्याजोगा होतो.

तथापि लेखनिक नेमला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मानणे घातक आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या हिसकावून जाळल्या, तेव्हा ज्या कागदांवर आपले भवितव्य अवलंबून आहे ते परक्याच्या हाती आहेत आणि आपल्याला वाचता येत नाहीत, ही वेदना त्या उद्रेकाच्या मुळाशी होती. आज संचालकांच्या डिजिटल स्वाक्षरीचे साधन आणि संकेतस्थळाचा परवलीचा शब्द सल्लागाराच्या कपाटात पडून राहत असेल, तर परावलंबन तेच आहे. म्हणून सल्लागाराशी करार करतानाच ही दोन्ही साधने कंपनीकडे राहतील, दाखल केलेल्या प्रत्येक विवरणाची पावती आठवड्याच्या आत मिळेल आणि दरमहा संचालकांच्या बैठकीत कीर्द मराठीतून वाचून दाखवली जाईल, या तीन अटी लिहून घ्याव्यात. आणि ज्याला त्या मान्य नाहीत, त्याचा मेहनताना कितीही अल्प असला तरी त्याच्याकडे काम सोपवू नये.