शंभर किलोची शेगडी आणि चाकाचं माप

अमेरिकेत उन्हाळा आला की घरामागच्या परसात शेगड्या पेटतात. तिथल्या मराठी घरांत मक्याची कणसं आणि भरताची वांगीही त्यांवरच भाजली जातात. गेल्या जूनमध्ये मुलीकडे गेलो, तेव्हा तिच्याकडे अंड्याच्या आकाराची, जाड सिरॅमिकची नवी 'कामाडो' शेगडी आलेली होती. कामाडो म्हणजे जपानी चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी तसल्या चुली मायदेशी नेल्या. पुढे १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटात 'बिग ग्रीन एग' हा धंदा सुरू केला आणि ही शेगडी अमेरिकेच्या परसात रुजली. तिची जाड भिंत उष्णता धरून ठेवते, त्यामुळे वांगं गाभ्यापर्यंत शिजतं. पण मोठ्या आकाराची शेगडी स्टँडसकट शंभर किलोच्या घरात जाते ती याच भिंतीमुळे. शिवाय आडवी झाली, तर मडक्यासारखी फुटते.

पेटवताना ती घराच्या भिंतीपासून आणि छपरापासून लांब न्यायला हवी. म्हणून जावयांनी स्टँडला खाली चार छोटी चाकं लावली, खुर्चीला असतात तशी, पाच सेंटीमीटर व्यासाची. काँक्रीटवर शेगडी अगदी सहज सरकली. "बाबा, मी मागून ढकलतो, तुम्ही नुसतं झाकण धरा," ते म्हणाले. दोन लाद्यांमधल्या सांध्याशी ती थांबली आणि पुढे झुकली. दोघांनी धरली म्हणून वाचली. त्या संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

शंभर किलोचं धुड काँक्रीटवर नुसतं ओढायचं, तर वजनाच्या साधारण निम्मा, म्हणजे पन्नास किलोचा जोर लागतो. चाकांवर, गुळगुळीत जमिनीवर, दोन-तीन किलोचा जोर पुरतो. हा उरलेला विरोध येतो कुठून? भाराखाली चाक आणि जमीन दोन्ही किंचित दबतात आणि पुन्हा उसळताना दबण्यात गेलेली सगळी ऊर्जा परत देत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोम यांनी अठराव्या शतकातच सांगितलं होतं की हा विरोध भाराच्या प्रमाणात वाढतो आणि चाकाची त्रिज्या वाढली की त्याच प्रमाणात घटतो. १८३७ मध्ये ज्यूल द्युप्युई या रस्ते-अभियंत्याने घोडागाड्यांवर प्रयोग करून त्याला आव्हान दिलं. त्याच्या मते विरोध त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. फ्रेंच अभियंते आर्थर मोरँ कुलोमच्या बाजूने उभे राहिले आणि वाद बरीच वर्षं चालला. मोठं चाक हलकं चालतं, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

आमच्या शेगडीचा घात मात्र या विरोधाने केला नाही, केला तो दोन सेंटीमीटर उंच सांध्याने. उंचवट्याला टेकलेल्या चाकाचा आस त्या कडेवरून वर उचलला गेला, तरच चाक पुढे जातं. चाक लहान असेल तर ती कड जवळपास आसाच्या उंचीवर येते आणि आपला आडवा जोर वर उचलण्याऐवजी कडेवर आपटण्यात वाया जातो. उंचवटा त्रिज्येइतका झाला, तर कितीही आडवं ढकला, चाक चढणार नाही. आमच्या चाकाची त्रिज्या अडीच सेंटीमीटर. पुढच्या दोन चाकांवर पन्नास किलोचा भार धरला, तर दोन सेंटीमीटर चढायला सुमारे २४५ किलोचा जोर हवा. तेच चाक वीस सेंटीमीटर व्यासाचं असेल, तर साधारण ३८ किलोत भागतं. आपल्या भाजीवाल्याच्या हातगाडीला सायकलएवढी चाकं असतात, ती खड्ड्यांचे रस्ते ओळखूनच.

आता शेगडी झुकली का, ते पाहू. जावई नव्वद सेंटीमीटर उंचीवर ढकलत होते आणि पुढची चाकं गुरुत्वमध्याच्या पंचवीस सेंटीमीटर पुढे होती. चाक अडलं की अशा वेळी साधारण २८ किलोच्या जोराला मागची चाकं उचलली जातात. म्हणजे मोठी चाकं असती, तरी इतक्या वरून ढकलल्यावर चढण्याआधी शेगडी कलंडलीच असती. म्हणून अशी वस्तू पुढून, खालच्या बाजूला धरून आणि किंचित वर ओढावी. वर ओढल्याने पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. मागून ढकलताना हात नकळत खाली दाबतात आणि तो वाढतो.

हिरवळीवर प्रश्न वेगळा. तिथे अरुंद चाक मातीत रुततं आणि स्वतःच खणलेल्या खड्ड्यातून सतत चढत राहतं. रुंद, हवेचं चाक भार पसरवतं.

शेवटी आम्ही छोटी चाकं काढून टाकली. शेगडी लाकडी चौकटीवर घेतली, एका बाजूला लोखंडी आसावर हवेची दोन रुंद चाकं बसवली, दुसऱ्या बाजूला पाय आणि लांब दांडा. इथे आसाची जागा महत्त्वाची. गुरुत्वमध्यापासून आस चाळीस सेंटीमीटरवर आणि दांड्याची मूठ आसापासून १२० सेंटीमीटरवर असेल, तर हातांवर ३३ किलो येतात. आस वीस सेंटीमीटरवर आणला की जेमतेम १७. अगदी मध्याखाली मात्र नेऊ नये, नाहीतर शेगडी चाकांपलीकडे उलटू शकते. माझ्या मते परसासाठी हीच रचना चांगली. पाय जमिनीला टेकतात, ब्रेक लागत नाही.

चार चाकंच बसवायची असतील, तर खडबडीत जमिनीवर एक चाक अधांतरी राहतं हे लक्षात ठेवा. एकूण वजनाला चारने नव्हे, तीनने भागून प्रत्येक चाकाची क्षमता ठरवा आणि चाकं स्क्रूने नव्हे, आरपार बोल्टने कसा. त्याआधी परसातला सर्वांत उंच सांधा पट्टीने मोजा. चाकाची त्रिज्या त्याच्या निदान पाचपट हवी. आणि चाकं कितीही चांगली असोत, पेटलेली शेगडी हलवू नका. झाकण आणि झरोके बंद केल्यावरही सिरॅमिकच्या आतला कोळसा कित्येक तास गरम राहतो.