घराआधीचे कागद – ९ : निळी रेषा, लाल रेषा

या आठवड्यात जोते तपासणीबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेस. मुक्ताईनगरहून आलेल्या एका पत्राने मला माझ्या आवडत्या विषयावर आणून सोडलं आहे. पूर्णेच्या अंगाला या वाचकाचा प्लॉट आहे. नकाशा काढायला बसण्याआधीच इंजिनिअर म्हणाला, ‘भाऊ, आधी इरिगेशनकडून पूररेषा पाहून घ्या.’ वाचकाचं म्हणणं असं की, हतनूर धरणाची पूर्ण संचय पातळी २१४ मीटर, आपली जमीन त्याहून उंच, मग पूर यायचा कुठून?

हा युक्तिवाद नदीकाठच्या गावांत सगळीकडे ऐकू येतो. २१४ मीटर ही धरणात साठवलेल्या पाण्याची पातळी. पूर हे वाहतं पाणी, आणि वाहायचं तर उतार हवा. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, त्याच्या खाली हतनूर. म्हणून पुराच्या वेळी भिंतीजवळ जी पातळी असते, त्याहून वर पूर्णेकाठी पाणी चढलेलं असतं. अकोला-बुलढाण्याकडे झोडपून पाऊस झाला की पूर्णा येते, बऱ्हाणपूरकडून तापी येते, आणि दोघींना निघायला वाट एकच. धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की साठा उतरतो, पण वरच्या गावाजवळ पाणी किती चढेल हे नदीचं पात्र किती रुंद, किती खोल आणि वरून पाणी किती येतंय त्यावर ठरतं.

म्हणून पूररेषा धरणाच्या पातळीवरून आखत नाहीत. जलसंपदा विभाग नदीचे ठिकठिकाणी छेद घेतो आणि प्रत्येक छेदाला पाणी कुठवर चढेल याचं गणित मांडतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. ‘परवाच येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत’ असा अर्थ मात्र कुणी काढू नये. दर पावसाळ्यात निळी रेषा ओलांडली जाण्याची शक्यता ४ टक्के असते, मागच्या वर्षी काहीही झालेलं असो. २० वर्षांचं गृहकर्ज धरा. तेवढ्या मुदतीत एकदा तरी पाणी निळ्या रेषेपलीकडे येण्याची शक्यता निघते सुमारे ५६ टक्के. लाल रेषेसाठी हाच हिशेब १८ टक्के. कर्जाचा हप्ता ठरवताना लोक अर्ध्या टक्क्यासाठी तीन बँका फिरतात, हा आकडा कुणी विचारत नाही.

आता नियम. २ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, नगर पंचायतींनाही. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा: तिथे बाग, पार्किंग, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी असले वापर चालतात, नवं घर नाही. तिथल्या जुन्या, अधिकृत घराची पुनर्बांधणी जलसंपदाच्या ना-हरकतीने होऊ शकते. निळी ते लाल हा प्रतिबंधित पट्टा. तिथे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट उंचावर.

हा दीड फूट कुठून मोजायचा, यावर निम्मी भांडणं होतात. रस्त्यापासून नाही, अंगणापासूनही नाही. समजा तुमच्या प्लॉटसमोरच्या छेदाला लाल रेषा २१९.६० आहे आणि जमीन २१८.९०. मग जोतं २२०.०५ ला न्यावं लागेल, म्हणजे जमिनीपासून १.१५ मीटर, जवळजवळ पावणेचार फूट. एवढी भर काळ्या मातीची केलीत तर ती फुगून पुढे फरशी उचलेल. मुरूमच टाका, थराथराने दाबून. पायऱ्या वाढतील, त्यांना जागा लागेल, हे नकाशातच धरा. जमत असेल तर खाली पार्किंग सोडून घर खांबांवर उचलणं मला जास्त पटतं: पाण्याला वाट राहते आणि तुमच्या भरावाचं पाणी शेजाऱ्याच्या दारात जात नाही.

पत्रातला दुसरा प्रश्न: अर्धा प्लॉट रेषेत गेला तर विकून टाकू का? घाई करू नका. प्लॉट विकासयोग्य झोनमध्ये असेल तर रेषेत गेलेल्या भागाचा एफएसआय उरलेल्या भागावर वापरू देण्याची तरतूद याच नियमावलीत आहे. विकत घेणाऱ्याला हे बहुधा ठाऊक असतं, विकणाऱ्याला नसतं.

दोन पळवाटा गावात सांगितल्या जातात. एक, दीडशे चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटला परवानगीच लागत नाही. तिथे सूचना देऊन आणि शुल्क भरून काम सुरू करता येतं हे खरं, पण नियम पाळण्यातून सूट मिळत नाही. दुसरी, नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ची: ६० दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळालीच समजायची. कार्यालयाने त्रुटी काढली असेल तर हे दिवस तुमच्या खुलाशापासून मोजले जातात. शिवाय मानीव परवानगी नियमांत बसणाऱ्या नकाशालाच मिळते. निषिद्ध पट्ट्यातला नकाशा ६०० दिवस पडून राहिला तरी त्यात बसत नाही.

पूररेषा पाहायला जाताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणीचा नकाशा घेऊन जा. नुसत्या गट नंबरावर अंदाजाने बोट ठेवून घेऊ नका, छेदाचा क्रमांक आणि त्याची लाल पातळी लेखी मागा. पुढच्या आठवड्यात जोते तपासणी, नक्की.