पोटदुखीच्या आड दडलेले दुखणे : बालकांचे मनोविकार व बालअत्याचार

रुग्णालयाच्या बालरोग विभागात पोटदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या शाळकरी मुलांची संख्या नेहमीच मोठी असते. त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत जंत, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग असे काही कारण सापडते व औषधाने गुण येतो. परंतु काही मुलांच्या रक्त-लघवीच्या तपासण्या व सोनोग्राफी सारे निर्दोष येते, आणि सोमवारी सकाळी शाळेची वेळ झाली की पोट पुन्हा दुखू लागते. "नाटक करतोय" असा शेरा मग घरातून सहज मारला जातो. आम्हांस येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते की हे दुखणे खोटे नसते. मनावरील ताणाने आतड्यांची हालचाल व संवेदनक्षमता खरोखरच बदलते आणि मुलाला कळा येतात. त्या दुखण्याचे मूळ मात्र पोटात नसते.

ते कधी एखाद्या मनोविकारात असते, कधी वाचन-लेखनातील अक्षमतेत, तर कधी कोणीतरी त्या मुलावर करीत असलेल्या अत्याचारात. बाहेरून ही सर्व कारणे बरीचशी सारखी दिसतात आणि खरी अडचण तेथेच आहे. प्रौढ माणूस आपल्या मनाची अवस्था शब्दांत सांगू शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलापाशी ते शब्द नसतात, म्हणून ते वागण्यातून सांगते. रात्रीचे अंथरूण कोरडे ठेवू लागलेले मूल पुन्हा ते ओले करू लागते, बडबडे मूल गप्प होते, एखाद्या विशिष्ट नातेवाइकाकडे किंवा शिकवणीला जाण्याचे नाव काढताच रडू लागते, झोपेतून दचकून उठते. मोठी मुले चिडचिड करतात, अभ्यासात मागे पडतात, क्वचित स्वतःच्या हातावर जखमा करून घेतात.

अशा वेळी आमचे बालरोगतज्ज्ञ एक साधा प्रश्न प्रथम विचारतात : हे केव्हापासून? अतिचंचलतेचा विकार असलेल्या मुलाची आई बहुधा सांगते की तो पहिल्यापासूनच असा आहे, घरीही आणि शाळेतही. स्वमग्नतेची लक्षणे तर आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच उमटू लागतात. हाक मारली असता वळून न पाहणे हे त्यांतील एक प्रमुख. (स्वमग्नता आईच्या प्रेमाच्या अभावामुळे होते, ही जुनी समजूत वैद्यकशास्त्राने केव्हाच टाकून दिली आहे. तरीही ती ऐकून खचलेल्या माता आम्हांस आजही भेटतात.) याउलट "गणपतीपर्यंत अगदी बरा होता हो" असे उत्तर आले, तर त्या सुमारास काय घडले याचा शोध घेणे आवश्यक ठरते. अर्थात हा नियम अपवादावाचून नाही. सतत भीतीच्या छायेत वावरणारे मूल वर्गात लक्ष देऊ शकत नाही व त्याच्यावर चंचलतेचा शिक्का बसतो. शिवाय दिव्यांग अथवा मतिमंद मूल अत्याचाराला अधिक सहज बळी पडते. म्हणून एक निदान झाले की दुसऱ्याचा विचार सोडून द्यावा असे नाही.

हे प्रश्न विरळा आहेत, असा समज कोणी करून घेऊ नये. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींत कोणता ना कोणता मनोविकार आढळला होता. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण चार. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलणे झाले होते. त्यांतील दर तिघांपैकी दोघांनी मारहाण, तर ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या तरी स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे जण बालकाच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. या बालकांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. मुलाला कसली भीती, असे मानणाऱ्या पालकांनी हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवावा.

शरीरावरील खुणांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे उचित ठरेल. मारहाणीने जखमी झालेली बालके हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे, हे अमेरिकेतील डॉ. हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये प्रथम ठळकपणे मांडले. धावणाऱ्या-पडणाऱ्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर खरचटलेले असणे स्वाभाविक आहे. परंतु कानावर, मानेवर, पोटावर काळेनिळे वळ असतील, किंवा अजून रांगूही न लागलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर असे डाग असतील, तर केवळ "पडला" एवढ्यावर समाधान मानता येत नाही. सांगितलेली हकिगत जखमेशी जुळते काय, उपचाराला उशीर का झाला, आई व वडील दोन वेगळ्या गोष्टी सांगतात काय, हे पाहावे लागते. मात्र येथे उतावीळपणाही तितकाच घातक. पुष्कळ बालकांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात व ते वाढत्या वयात आपोआप फिके होतात. त्यांना माराचे वळ समजणे म्हणजे निरपराध आईबापांवर आरोप करणे होय. बिब्बा उततो व त्वचा भाजल्यासारखी दिसते. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या लोखंडाने डागण्याचा 'डंबा' नावाचा प्रकार आहे. तो बाळाच्या जिवाला अपायकारकच, पण करणाऱ्यांचा हेतू क्रौर्याचा नसतो. तेथे दरडावण्यापेक्षा समजावण्याने अधिक साधते.

लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत परिस्थिती निराळी आहे. अशा बहुसंख्य बालकांच्या शरीरावर तपासणीत काहीही आढळत नाही. खूण नाही म्हणजे काही घडलेच नाही, असा अर्थ काढणे सर्वस्वी चूक आहे. बालकाचे बोलणे हाच बहुधा मुख्य आधार असतो. ते त्याच्याच शब्दांत, जसेच्या तसे केसपेपरवर उतरले पाहिजे. त्यावर मोठ्यांच्या भाषेचे संस्कार नकोत. आई, आजी, शिक्षिका, डॉक्टर, पोलीस अशा प्रत्येकाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मूल गोंधळते, गप्प होते आणि ती वेदना पुन्हा भोगते. म्हणून एकाच प्रशिक्षित व्यक्तीने, बंद दाराआड, घाई न करता ऐकावे, असे आमचे मत आहे. पूर्वी सर्रास होणारी दोन बोटांची चाचणी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी बाद ठरवली असून सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ व २०२२ मध्ये तिच्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आहेत.

आता कायद्याविषयी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे समजलेल्या प्रत्येकाने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे, व न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. "डॉक्टर, हे बाहेर जाऊ देऊ नका" अशी हात जोडून केलेली विनंती आम्हांस मान्य करता येत नाही. त्या विनंतीमागील भीती आम्ही जाणतो. करणारा घरातील एकमेव कमावता असतो, थोरल्या मुलीचे लग्न ठरलेले असते, चाळीत तोंड दाखवायचे असते. कळविण्याच्या सक्तीमुळे काही कुटुंबे रुग्णालयाची पायरीच चढत नाहीत, हेही खरे. विशेषतः गर्भवती राहिलेल्या अल्पवयीन मुली भीतीपोटी भलत्याच ठिकाणी जातात. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास गर्भपाताच्या संदर्भातील सूचनेत तिचे नाव उघड करण्यापासून डॉक्टरांना मोकळीक दिली, ती याच कारणास्तव. या पेचावर आमच्यापाशी सोपे उत्तर नाही. कळविण्यापूर्वी कुटुंबाला ते स्पष्टपणे सांगावे, त्यांच्या पाठीमागे काही करू नये, एवढे पथ्य आम्ही आवश्यक मानतो. कायद्यातही बालकाची काळजी आहे : जबाब त्याच्या घरी अथवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यावा, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, मुलीची तपासणी महिला डॉक्टरने व तिच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत करावी, नाव छापून येऊ नये.

उपचारांचा मार्ग बहुधा लांबचा असतो, पण निराशेचा नव्हे. शाळेची धास्ती घेतलेल्या मुलाला महिनाभर घरी बसविल्याने धास्ती वाढते. त्याला आधी एक तास, मग अर्धा दिवस असे पायरीपायरीने वर्गात परतवावे लागते. लहान वयातील चंचलतेसाठी औषधापूर्वी पालकांचे प्रशिक्षण, मोठ्या मुलांना गरजेनुसार औषधाची जोड. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले करणे हा आजारच नव्हे, आणि पुढेही त्यासाठी चटका वा मार देणे म्हणजे रोगावर रोग. अत्याचार सोसलेल्या बालकासाठी सर्वप्रथम सुरक्षितता. ती नसेल तर कोणतेही समुपदेशन वाळूवर पाणी ओतल्यासारखे. या सर्वांस वेळ लागतो. समुपदेशिकेची एक भेट पाऊण तासाची, आणि अशा दहा-बारा भेटी. एक्स-रे यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, या पाऊण तासावर लावता येत नाही. म्हणूनच या कामासाठी निधी जमविणे अवघड जाते, हे विश्वस्त व हितचिंतक यांच्यासमोर आम्ही संकोच न बाळगता ठेवीत आहोत.

पालकांसाठी काही व्यवहारोपयोगी गोष्टी. मुलाने असे काही सांगितल्यास ते शांतपणे ऐकून घ्यावे, "तू सांगितलेस हे बरे केलेस" एवढे म्हणावे व उलटतपासणी घेऊ नये. घटना अलीकडची असल्यास आंघोळ न घालता व कपडे न धुता, ते कागदी पिशवीत घालून लवकरात लवकर रुग्णालयात यावे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. उपचारासाठी पोलिसांचे पत्र आणण्याची गरज नाही, आणि कायद्यानुसार अशा रुग्णावर खासगी व धर्मादाय रुग्णालयांनीही तातडीचे उपचार विनामूल्य केले पाहिजेत. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. मानसिक आरोग्याविषयी बोलावयाचे असल्यास टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर मराठीतूनही उपलब्ध आहे.