व्हेरा चास्लाव्हस्का

ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची सात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या व्हेरा चास्लाव्हस्का यांचा जन्म १९४२ साली प्राग येथे झाला. त्यांपैकी तीन पदके १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमधील होत. खरी कसोटी मात्र पुढेच होती.

१९६८ साली चेकोस्लोव्हाकियात सुधारणांची मागणी करणाऱ्या ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर त्यांनी स्वाक्षरी केली. खेळाडूने राजकारणात पडू नये, असे आपण सहज म्हणतो. येथे राजकारणच खेळाडूच्या दारी आले होते. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे देशात शिरले. अटकेच्या भीतीने त्यांना डोंगराळ भागात लपावे लागले. तेथे झाडांच्या फांद्यांना लोंबकळून व बटाट्यांची पोती उचलून त्यांनी सराव चालू ठेवला.

दोन महिन्यांनी मेक्सिको येथे वैयक्तिक अजिंक्यपद राखून त्यांनी चार सुवर्ण व दोन रौप्यपदके पटकावली. जमिनीवरील कसरतींचे सुवर्णपदक सोव्हिएत खेळाडूबरोबर विभागून मिळाले. सोव्हिएत राष्ट्रगीत सुरू होताच त्यांनी मान खाली घालून चेहरा वळवला. हा निःशब्द निषेध साऱ्या जगाने पाहिला.

मायदेशी तो सत्ताधाऱ्यांना रुचला नाही. स्वाक्षरी मागे घेण्यास नकार दिल्याने त्यांना कित्येक वर्षे प्रशिक्षकाचे कामही मिळाले नाही. १९८९ च्या सत्तांतरानंतर राष्ट्राध्यक्ष हावेल यांनी त्यांना आपल्या सल्लागार म्हणून बोलावून घेतले.