परदेशातील एक सत्र आणि पदवीचे श्रेयांक

गेल्या वर्षी जून महिन्यात, रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर, एक दाम्पत्य आपल्या मुलीला घेऊन मला भेटावयास आले. मुलगी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला. युरोपातील एका विद्यापीठात एक सत्र शिकून ती नुकतीच परतली होती. तेथील पाचही विषयांत ती उत्तीर्ण झाली होती आणि तसे गुणपत्रकही तिच्या हाती होते. परंतु येथील महाविद्यालयाने ते विषय आपल्या अभ्यासक्रमात बसत नसल्याचे कारण देऊन तिला संपूर्ण सत्र पुन्हा करावयास सांगितले होते. जाण्यापूर्वी एका प्राध्यापकांनी "जा, नंतर बघू" असे तोंडी सांगितले होते, तेवढाच काय तो आधार!

"फादर, पोरीनं तिथल्या सगळ्या परीक्षा पास केल्यात. मग सहा महिने फुकट कसे गेले?" तिच्या वडिलांनी विचारले.

त्यांचा प्रश्न रास्त होता. घरातील सोने गहाण ठेवून त्यांनी हा खर्च केला होता. आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुलेमुली परदेशातील शिक्षणाचा विचार करीत आहेत. त्यांच्यावर व त्यांच्या आईवडिलांवर अशी वेळ येऊ नये, म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

विद्यार्थी एखाद्या विषयासाठी किती अभ्यास करतो याचे माप म्हणजे श्रेयांक, अर्थात क्रेडिट. गुण हे त्याने किती चांगले केले ते सांगतात, तर श्रेयांक किती केले ते सांगतात. पदवीसाठी ठरावीक श्रेयांक जमा व्हावे लागतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नव्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० श्रेयांक लागतात. म्हणजे एका सत्राला साधारण २० श्रेयांक झाले.

युरोपात हेच माप निराळे आहे. तेथे पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे ६० श्रेयांक धरले जातात, म्हणजे सत्राला ३०. तेथील एक श्रेयांक हा २५ ते ३० तासांच्या एकूण श्रमाचा असतो. त्यात वर्गातील तास, ग्रंथालयातील वाचन, निबंधलेखन, परीक्षेची तयारी हे सर्व मोजले जाते. आपल्याकडे मात्र एक श्रेयांक हा प्रामुख्याने वर्गातील १५ तासांच्या अध्यापनावर मोजतात. म्हणून तेथील ६ श्रेयांकांचा विषय आपल्याकडील साधारण ४ श्रेयांकांच्या तोडीचा ठरतो. हे केवळ सत्राच्या एकूण भाराचे प्रमाण झाले. प्रत्यक्षात किती श्रेयांक द्यावयाचे, हे विद्यार्थ्याचे मूळ विद्यापीठच ठरविते. साऱ्या विषयाची किल्ली याच वाक्यात आहे. श्रेयांक परदेशात मिळतात, पण ते पदवीत धरण्याचा अधिकार मायदेशातील विद्यापीठाकडे असतो.

एका अपमानातून उभी राहिलेली योजना

वर सांगितलेल्या मुलीसारखाच प्रसंग सुमारे सत्तर वर्षांपूर्वी रोममधील एका विद्यार्थिनीवर आला होता. सोफिया कोराडी हे तिचे नाव. जन्म १९३४ चा. रोमच्या विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत असताना फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि तेथील पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ मध्ये परतली. त्या अभ्यासाला मान्यता मिळावी म्हणून तिने रोममध्ये अर्ज केला. तो नाकारला गेलाच, वर तिची हेटाळणीही झाली.

त्या तरुणीने हा अपमान मनात कुढत ठेवला नाही. पुढे शिक्षणशास्त्रज्ञ झाल्यावर, १९६९ पासून तिने इटलीतील विद्यापीठांच्या कुलगुरूंपुढे व शासनापुढे एकच आग्रह धरला : विद्यार्थ्याने परदेशात केलेला अभ्यास, तो आधी मान्य केलेला असल्यास, मायदेशी मोजला गेलाच पाहिजे. या आणि अशा इतर प्रयत्नांना १९८७ मध्ये फळ आले. त्या वर्षी युरोपीय समुदायाने 'इरॅस्मस' ही विद्यार्थी देवाणघेवाण योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. पुढे ही संख्या लाखांत गेली. युरोपात कोराडीबाईंना 'इरॅस्मसची आई' असे प्रेमाने म्हटले जाऊ लागले.

योजनेचे नाव इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळविले असले, तरी त्यामागे रॉटरडॅमचे विद्वान इरॅस्मस यांचे स्मरण आहे. १४९२ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेला हा माणूस पॅरिसमध्ये शिकला, ट्यूरिनमध्ये त्याने १५०६ साली डॉक्टरेट मिळविली, केंब्रिजमध्ये शिकविले आणि १५३६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे देह ठेवला. त्या काळी सर्वत्र लॅटिन भाषा चालत असल्यामुळे विद्वानाला देशांच्या सीमा आड येत नसत.

श्रेयांकांची समान पद्धत १९८९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. १९९९ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे २९ देशांनी उच्च शिक्षणाच्या समान रचनेचा जाहीरनामा स्वीकारला. वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण व्हॅटिकननेही २००३ मध्ये या प्रक्रियेत सहभाग घेतला आणि २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ख्रिस्तसभेच्या विद्यापीठांची गुणवत्ता तपासण्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. त्यामुळे आपल्या धर्मप्रांतातून ईशज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी रोमला जाणाऱ्या धर्मगुरूंचा अभ्यासही आज याच श्रेयांकांत मोजला जातो.

व्यवस्था चालते कशी?

इरॅस्मस योजनेचा कणा म्हणजे 'अध्ययन करार'. विद्यार्थी निघण्यापूर्वी हा करार होतो आणि त्यावर तिघांची संमती असते : विद्यार्थी, त्याचे मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ. त्यात दोन तक्ते असतात. पहिल्यात विद्यार्थी परदेशात कोणते विषय घेणार व त्यांचे श्रेयांक किती, हे लिहिलेले असते. दुसऱ्यात ते श्रेयांक मायदेशी कोणत्या विषयांच्या जागी धरले जातील, हे लिहिलेले असते. हा दुसरा तक्ता फार महत्त्वाचा. तो भरला गेला की विद्यार्थी उत्तीर्ण झाल्यावर "हे आमच्याकडे बसत नाही" असे म्हणावयास जागा राहत नाही.

तेथे पोहोचल्यावर कधी कधी एखादा विषय रद्द झालेला असतो किंवा दोन तासिका एकाच वेळी येतात. अशा वेळी पहिल्या काही आठवड्यांत करारात बदल करता येतो. मात्र तो बदलही तिघांच्या संमतीने व लेखीच व्हावा लागतो. सत्राअखेर यजमान विद्यापीठ अधिकृत गुणपत्रक पाठविते आणि त्यावरून मूळ विद्यापीठ श्रेयांक जमा करते. अनुत्तीर्ण झालेल्या विषयाचे श्रेयांक अर्थातच मिळत नाहीत.

या देवाणघेवाणीत यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही. विद्यार्थी आपले नेहमीचे शुल्क स्वतःच्या विद्यापीठातच भरतो. प्रवास व राहण्याच्या खर्चासाठी काही अनुदान मिळते, पण ते सर्व खर्च भागवील असे गृहीत धरू नये.

आपल्या विद्यार्थ्यांपुढील मार्ग

पहिला मार्ग विद्यापीठांमधील देवाणघेवाणीचा. २०१५ पासून इरॅस्मस योजनेचा हा भाग युरोपाबाहेरील देशांसाठीही खुला झाला असून त्यात भारताचा समावेश आहे. मात्र विद्यार्थ्याला यासाठी परस्पर अर्ज करता येत नाही. त्याच्या महाविद्यालयाचा वा विद्यापीठाचा तेथील विद्यापीठाशी करार असावा लागतो व निवड मूळ संस्थेतूनच होते. म्हणून पहिली चौकशी आपल्याच संस्थेच्या आंतरराष्ट्रीय संबंध विभागात करावी.

दुसरा मार्ग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने दाखविला आहे. तिच्यात सहकार्याचे तीन प्रकार आहेत. 'ट्विनिंग' प्रकारात विद्यार्थी एकूण श्रेयांकांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के परदेशात मिळवू शकतो व पदवी भारतीय संस्थेची असते. १२० श्रेयांकांच्या पदवीत हे ३६ श्रेयांक होतात. 'संयुक्त पदवी'त दोन्ही संस्थांचे किमान ३० टक्के श्रेयांक लागतात व दोघींच्या नावाने एकच प्रमाणपत्र मिळते. 'दुहेरी पदवी'त दोन्ही संस्था आपापली पदवी देतात, पण भारतीय संस्थेतील श्रेयांक किमान ३० टक्के असावे लागतात. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम या नियमावलीत येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

तिसरा मार्ग 'इरॅस्मस मुंडुस' या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा. २००४ पासून चालत आलेल्या या योजनेत विद्यार्थी किमान दोन देशांत शिकून संपूर्ण पदवी मिळवितो. येथे अर्ज थेट अभ्यासक्रम चालविणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडे करावयाचा असतो. मायदेशी श्रेयांक जुळविण्याचा प्रश्नच येत नाही, कारण पदवीच तेथील असते. निवड झालेल्यांपैकी काहींना दरमहा १,४०० युरो शिष्यवृत्ती मिळते. पदवी घेऊन घरात बसलेल्या हुशार मुलामुलींनी या मार्गाचा जरूर विचार करावा.

चौथा मार्ग स्वखर्चाने, कोणत्याही कराराविना जाण्याचा. यात शुल्क पूर्ण भरावे लागते आणि श्रेयांक मोजले जाण्याची हमी कोणीच देत नाही. त्या मुलीने हाच मार्ग धरला होता. एजंट सहसा प्रवेश, व्हिसा आणि विमान यांविषयी बोलतात. श्रेयांकांविषयी त्यांना विचारावे व ते काय उत्तर देतात ते नीट ऐकावे!

निघण्यापूर्वी

पालकांनी व विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात :

१. परवानगी देणारा अधिकारी कोण? संलग्न महाविद्यालयाचा अभ्यासक्रम व अंतिम परीक्षा विद्यापीठाच्या हाती असतात. तेथे प्राचार्यांचा होकार पुरेसा नसतो, विद्यापीठाची संमती लागते. स्वायत्त महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम ठरविते, तरी तेथेही अभ्यास मंडळाचा वा परीक्षा विभागाचा लेखी निर्णय घ्यावा.

२. विषयाच्या बदल्यात विषय लिहून घ्यावा. नावे सारखी असून भागत नाही. दोन्हीकडचा सविस्तर अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून दाखवावा. सक्तीचे विषय शक्यतो येथे पूर्ण करावेत आणि ऐच्छिक विषय तेथे घ्यावेत. ते जुळविणे सोपे जाते.

३. गुणांचे रूपांतर कसे होणार ते विचारावे. इटलीत विषयाला ३० पैकी १८ गुणांना उत्तीर्ण होतात, फ्रान्समध्ये २० पैकी १० गुणांना, तर जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ५ म्हणजे अनुत्तीर्ण! रूपांतराचे कोष्टक आधी ठरले नसेल तर चांगले गुण मिळवूनही टक्केवारी घसरू शकते.

४. दोन्हीकडची दिनदर्शिका तपासावी. आपले पहिले सत्र जून-जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत चालते. युरोपातील पहिले सत्र सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीत संपते. तेथून परतेपर्यंत येथील दुसरे सत्र निम्मे झालेले असते. त्या काळातील हजेरी व अंतर्गत परीक्षा यांची सोय आधी लावून घ्यावी.

५. अध्यापनाची भाषा कोणती, हे प्रत्येक विषयासाठी पाहावे. विद्यापीठ इंग्रजीत शिकविते म्हणून सर्व विषय इंग्रजीत असतातच असे नाही.

६. अभ्यासक्रमाची प्रत, झालेला पत्रव्यवहार, मूळ गुणपत्रक, सर्व जपून ठेवावे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत विद्यार्थ्याला स्वतः श्रेयांक भरता येत नाहीत, ते संस्थाच जमा करते. म्हणून परतल्यावर आपल्या खात्यावर नोंद झाली की नाही, हे पाहावे.

शेवटी एवढेच

त्या मुलीने ते सत्र पुन्हा केले आणि यंदा ती पदवीधर झाली. परदेशातील सहा महिने वाया गेले असे तिला वाटत नाही. परक्या शहरात एकटीने राहणे, दुसऱ्यांच्या भाषेत आपले म्हणणे मांडणे, हे तिला कोणी गुणपत्रकावर लिहून द्यावयास नको. पण तिच्या आईच्या बांगड्या सोडवून आणण्यास अजून काही महिने लागतील. एक कागद वेळेवर झाला असता तर तो भार त्या घरावर पडला नसता.

मुलांना दूर जाऊ द्यावे. जग पाहिल्याने त्यांची दृष्टी विशाल होते आणि त्याचा लाभ उद्या आपल्या समाजालाही होतो. फक्त विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी तो दोन तक्त्यांचा कागद पूर्ण भरलेला व सह्या झालेला आपल्या हाती आहे ना, हे पाहावे. आपल्या धर्मग्रामात परदेशी शिकून आलेले कोणी असतील, तर त्यांनी युवा मंडळाच्या बैठकीत तासभर येऊन आपला अनुभव सांगावा, ही त्यांना नम्र विनंती. त्या एका तासाने एखाद्या घराचे कष्टाचे पैसे वाचतील.